मदत हवी आहे: कोल्हापूरहून थेट स्कॉटलंडमधल्या थर्सोच्या खडपावर सर्फिंगला. जाऊ की नको?

भट्टीवाली

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, चहा घेऊनच बसा.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. १४०० अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड रोज बघते, त्याचं काही वाटत नाही. पण गेले पंधरा दिवस झोप लागत नाहीये ती १२ अंशांच्या पाण्यामुळं.

विषय असा. थोरली बहीण आणि दाजी एडिनबराला असतात. ऑक्टोबरचे शेवटचे दोन आठवडे मी त्यांच्याकडं चाललेय. व्हिसा झाला, तिकीट झालं. तिथून गाडीनं साडेपाच-सहा तास वर गेलं की थर्सो लागतं, ब्रिटनच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उत्तरेचं शहर. शहर म्हणायचं, जीव आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढाही नाही. तिथं थर्सो नदी समुद्राला मिळते, आणि मुखाच्या पूर्वेला, पडक्या किल्ल्याच्या पुढ्यात, थर्सो ईस्ट नावाची लाट फुटते. सर्फिंग करणाऱ्यांना नाव माहीत असेल. २००६ पासून काही वर्षं तिथं व्यावसायिक स्पर्धाही भरल्या होत्या.

"कोल्हापुरात सर्फिंग? रंकाळ्यात काय?" हा विनोद ऑफिसात रोज होतो, इथं नाही केला तरी चालेल.

माझी तयारी सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. २०१६ ला मुल्कीला शिकले. तेव्हापासून सुट्टी मिळाली की रात्रीची गाडी पकडून कर्नाटकचा किनारा. श्रीलंकेत अरुगम बेला दोन सीझन काढलेत, मिडिगामाच्या रीफवर (पाण्याखालच्या खडपावर) एक. तिथंच पायाला पाच टाके पडले, खूण अजून आहे. डोक्याच्या वर फूट-दोन फुटाची लाट असेल तर टेकऑफ (लाट पकडून बोर्डावर उभं राहणं) चुकत नाही, डक डाइव्ह (बोर्डासकट लाटेखालून बुडी मारणं) जमतो, बोर्ड सहा फूट दोन इंची. थोडक्यात, मी नवखी नाही. पण २५ अंशांच्या खालच्या पाण्यात जन्मात सर्फ केलेलं नाही.

वाचून जे कळलं ते असं. तळाला कोरल नाही, सपाट दगड आहे. केथनेस भागात पातळ थरांचा पाषाण निघतो. एके काळी तिथून तासलेल्या फरश्या मोठमोठ्या शहरांच्या फूटपाथला गेल्या. आपली शहाबादी फरशी डोळ्यांसमोर आणा, तिच्यावर शेवाळ आणि समुद्री गवत पसरा आणि वरून पाणी सोडा. खोलातून आलेली लाट या फरशीवर एकदम अडते, त्यामुळं दर वेळी जवळपास त्याच जागी फुटते आणि आतून पोकळ होते. उजवीकडची लाट आहे. म्हणजे आपण तिच्यावर उभं राहिलो की उजव्या हाताला जायचं, नदीच्या मुखाच्या दिशेनं. आणि पाणी तपकिरी! नदी पीटच्या (कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या मातीच्या) दलदलीतून येते, त्यामुळं मुखाशी समुद्राला कोऱ्या चहाचा रंग. फोटो बघून आई म्हणाली, "गटार आहे गं हे."

आता ड्रमची गोष्ट. मागच्या रविवारी गच्चीवर दोनशे लिटरचा निळा ड्रम भरला, बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणून फोडून टाकली, लॅबमधला डिजिटल थर्मामीटर सोडला. १२ अंशांवर आल्यावर आधी हात कोपरापर्यंत घातला आणि तळाची नाणी वेचायला लागले. पहिली चार पटापट आली. पाचव्या मिनिटाला रुपया आणि दोन रुपये बोटांना वेगळे कळेनात. दहाव्या मिनिटाला लीशचा (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीचा) वेल्क्रो डोळ्यांनी बघून लावावा लागला, बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी. मग वहिनीला घड्याळ धरून शेजारी उभं केलं आणि आतच उतरले, गळ्यापर्यंत. एरवी मी कोरड्यावर पावणेदोन मिनिटं श्वास धरते. ड्रममध्ये? १८ सेकंद. पहिला मिनिटभर तर श्वास माझा नव्हताच, कुत्र्यागत धापा नुसत्या. वहिनी घड्याळ टाकून माझा दंड धरून ओढायला लागली.

लाटेखाली दाबून धरलं तर माझ्याकडं १८ सेकंद आहेत, हा विचार तेव्हापासून जात नाही.

तर विचारायचंय ते एवढंच. तिकडं गेलेलं कुणी आहे का? वेटसूट किती जाडीचा? बोर्ड इथून न्यावा का? (मागं एका विमान कंपनीनं माझ्या बोर्डाची फिन मोडून हातात दिली होती. पॅकिंग तुमचंच कच्चं, असं वर ऐकवलं.) आणि खरं सांगा, मी तिथं उतरण्याच्या लायकीची आहे का? घरात विचारून उपयोग नाही. आई नको म्हणते, दाजी हो म्हणतात, आणि दोघांनाही पोहता येत नाही.

घाटावरचा

ताई, नाद खुळा! सर्फिंगमधलं कळत नाही, पण जानेवारीत पहाटे पंचगंगेत उडी मारून बघा. आम्ही तालमीतली पोरं दरवर्षी मारायचो. एकदा सवय झाली की स्कॉटलंड काय अन् काय.

भट्टीवाली

@घाटावरचा, दादा, ते करून झालंय. मागच्या जानेवारीत थर्मामीटर घेऊन गेले होते, पहाटे साडेपाचला २१ अंश निघाले. वर येऊन शेकोटीपाशी बसलं की संपलं. इथं दोन तास आत बसायचंय.

उत्तरवारा

मी अबर्डीनला आठ वर्षं आहे, मूळ गडहिंग्लजचा. थर्सोला पंधरा-वीस वेळा गेलो असेन, त्यातल्या निम्म्या वेळा पाण्यात न उतरता परत आलोय. हे मुद्दाम आधी सांगतो.

ऑक्टोबर चांगला निवडलात. समुद्र उशिरा थंड होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात १३ पर्यंत चढलेलं पाणी ऑक्टोबरअखेर ११-१२ वर असतं, खरा गारठा फेब्रुवारी-मार्चात, ६-७. शिवाय डिसेंबरात तिथं दिवस जेमतेम सहा तासांचा. तुम्हाला नऊ-साडेनऊ तास उजेड मिळेल. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागं जातात, मग साडेचारच्या आसपासच सूर्य बुडतो, हे लक्षात असू द्या.

वेटसूट ५/४ घ्या, टोपी जोडलेला. ५ म्हणजे धडाला पाच मिलिमीटर, ४ हातापायांना. स्थानिक पोरं त्या दिवसांत ४/३ मध्ये दिसतील, त्यांचं बघून फसू नका, ती तिथंच वाढलीत. इथून ऑनलाइन मागवू नका, तिकडं दुकानात घालून बघून घ्या किंवा भाड्यानं घ्या. ऊब धरतात ते निओप्रीनमधले वायूचे बारीक बुडबुडे. सूट ढिला असला की दर डक डाइव्हला मानेतून गार पाणी आत येतं आणि सगळी ऊब धुऊन नेतं. घालताना दम लागला पाहिजे, काखेत आणि कमरेत पोकळी नको. पाच मिलिमीटरचे बूट हवेतच, थंडीसाठी आणि त्या शेवाळी फरशीसाठीही. हातमोजे न्याच. तुमची ड्रममधली बोटं वाचून सांगतोय.

बोर्ड न्यायचा तर न्या, पण तुमचा सहा-दोन तिथं छोटा वाटेल. जाड सुटात खांदे जड फिरतात, पॅडल मारताना (पालथं पडून हातांनी पाणी मागं सारताना) रबराशी झटापट होते, अंगावर वजन वाढतं. दोन-तीन लिटर जास्तीचा बोर्ड असेल तर लाट आधी पकडता येते, आणि त्या लाटेला उशीर चालत नाही. दोन बोर्ड नेण्यापेक्षा एक तिकडं भाड्यानं घ्या.

आणि वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर चोळायचं मेण! हे कुणी सांगत नाही. मुल्कीला लावता ते गरम पाण्याचं वॅक्स तिथं मेणबत्तीसारखं कडक होतं, पाय सरळ घसरतो. ते पूर्ण खरवडून काढून थंड पाण्याचं लावा. माझी तिथली पहिली लाट वॅक्सपायीच गेली.

कानसेन

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, सांगलीला असतो. पहिली गोष्ट, ड्रमचा प्रयोग कधीही एकटीनं करू नका. वहिनी होती म्हणून ठीक.

तुम्हाला झालं त्याला कोल्ड शॉक म्हणतात. त्वचा एकदम गार पडली की हावरल्यासारखा श्वास आपोआप आत ओढला जातो, मग धापा, नाडी आणि रक्तदाब वर. जोर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. त्या वेळात डोकं पाण्याखाली गेलं तर तो ओढलेला श्वास पाण्याचा असतो. म्हणून तुमचे १८ सेकंद खरे आहेत, पण ते उघड्या अंगाचे आणि पहिल्या मिनिटाचे आहेत. सुटात हा धक्का पुष्कळ कमी होतो, आणि सवयीनं आणखी कमी होतो. पाच-सहा वेळा थोडा-थोडा वेळ गार पाण्यात गेलं तरी फरक दिसतो. महिनाभर रोज दोन-तीन मिनिटं, शेजारी माणूस, रक्तदाब-हृदयाची तक्रार नसेल तरच. श्वास धरायचा सराव मात्र पाण्यात नको, कोरड्यावर, खुर्चीत बसून.

तिथं गेल्यावर थेट लाटांत शिरू नका. चॅनलमध्ये (लाटा फुटत नाहीत त्या खोल पट्ट्यात) थांबून तोंडावर, मानेवर पाणी घ्या, श्वास ताब्यात आला की मगच पुढं.

आता माझ्या धंद्याचं. गार पाणी आणि वारा वर्षानुवर्षं कानात जात राहिला की कानाच्या नळीत हाड वाढतं, सर्फर्स इअर म्हणतात. दोन आठवड्यांत काही होत नाही, पण चटक लागली तर कानात प्लग घालायची सवय आत्ताच लावा. गार पाणी कानात एकदम गेलं की चक्करही येते. लाटेखाली वर-खाली कळेनासं होणं तुम्हाला परवडणार नाही.

खडपावरलो

बाय गे, माका तुझा ता सर्फिंग कळना नाय, पण पाणी कळता. आमचो आजो होडी लोटूच्या आदी अर्धो तास नुसतो वाळूत बसान बिडी ओढी. आमका वाटा म्हातारो आळशी. तो लाटो मोजी होतो. तू पण बस. उधाण (मोठी भरती) असा काय भांग (बारकी भरती) असा ता आदी बघ. आनी खडपार पडलंस तर पाय सरळ टेकू नको, आडवी पसर.

भट्टीवाली

@खडपावरलो, आजोबांना नमस्कार. आडवं पसरायचं मिडिगामाला पाच टाके पडल्यावर कळलं मला.

@कानसेन, डॉक्टर, रक्तदाब नॉर्मल आहे, दरवर्षी कंपनीत तपासणी होते. ड्रम रोज तीन मिनिटं सुरू करते. वहिनीनं अट घातलीय, त्या बदल्यात रविवारचा पांढरा रस्सा मी करायचा.

@उत्तरवारा, एक अजून इस्कटून सांगाल का? फोरकास्टमध्ये लाटेची उंची आणि पिरियड (दोन लाटांमधले सेकंद) दोन्ही देतात. मी आजवर उंचीच बघत आले. तिकडं किती उंचीपर्यंत जावं?

उत्तरवारा

उंची एकटी बघू नका. लाटेची ताकद उंचीच्या वर्गाबरोबर आणि पिरियडबरोबर वाढते. दीड मीटर ७ सेकंद आणि दीड मीटर १४ सेकंद, कागदावर उंची एकच, पण दुसरीत दुप्पट ताकद. खोल समुद्रात लाटेची लांबी साधारण पिरियडचा वर्ग गुणिले १.५६ मीटर. ७ सेकंदांची लाट ७६ मीटर लांब, १४ सेकंदांची ३०६. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला सुरुवात होते. म्हणजे पहिलीला तळ ३८ मीटरवर लागतो, दुसरीला १५३ वर. ती लांबूनच तळ चाचपत, वळत, उंच होत येते आणि शेवटी फरशीवर सगळं एकदम ओतते. तुम्हाला मुल्कीत जी सवय आहे तिच्यात हे बसत नाही. पहिल्यांदा बघाल तेव्हा लाट हळू येतेय असं वाटेल, आणि पॅडल मारायला उशीर होईल.

थर्सोची खाडी उत्तरेकडं उघडी आहे. उत्तर किंवा वायव्येचा स्वेल (लांबून चालत आलेल्या लाटा) आणि दक्षिण-आग्नेयेचा वारा, हे जमलं की लाट काचेसारखी उभी राहते. उत्तरेचा वारा सुटला की सगळं खिचडी, खुशाल कॉफी प्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती-ओहोटीत चारेक मीटरचा फरक पडतो, तुमच्या मुल्कीपेक्षा बराच जास्त. ओहोटीला फरशीवर पाणी किती उरतं ते एकदा किनाऱ्यावरून बघून ठेवा, पोटात गोळा येईल आणि यावाच.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले दोन-तीन दिवस डनेट बेला काढले असते. थर्सोपासून पंधरा-वीस मिनिटांवर, लांबच लांब वाळूचा किनारा, पाणी तेच, पण पडलात तर वाळू. सूट, बूट, मोजे, वॅक्स, श्वास, सगळं तिथं शिका. मग कंबर-छातीएवढ्या लाटेचा दिवस बघून थर्सो ईस्ट. डोक्यावरच्या लाटेचा दिवस आला तर बाहेर बसून बघा. श्रीलंकेत तुम्ही जिथवर पोचलात त्याच्या दोन पायऱ्या खाली इथं सुरुवात करायची. गार पाणी तेवढं घेतंच तुमच्याकडून. आणि पश्चिमेला ब्रिम्स नेस नावाची जागा कुणी सुचवली तर हात जोडा. ती याहून उथळ आणि रागीट आहे.

आत जाताना नदीच्या बाजूच्या चॅनलमधून जा, लाटांच्या तोंडून नाही. किनाऱ्यावरून उत्तरेकडं बघत उभ्या राहिलात तर लाट उजवीकडून डावीकडं फुटत जाताना दिसेल, डावीकडं नदी. लाइनअपमध्ये (सगळे लाटेची वाट बघत बसतात तिथं) पोचलात की सगळ्यात बाहेर जाऊन बसू नका. कडेला थांबा, नमस्कार-चमत्कार करा, दोन-तीन लाटा दुसऱ्यांना जाऊ द्या. माणसं चांगली आहेत, पण पाहुण्यानं पहिल्याच सेटवर (पाठोपाठ येणाऱ्या मोठ्या लाटांवर) हात मारलेला त्यांना आवडत नाही. आपल्याला तरी आवडतो का, पंगतीत नवा माणूस उठून रश्श्याच्या पातेल्याकडं गेला तर?

शहाणाबाळ

एक कळत नाही. एवढा पैसा, एवढी रिस्क, आणि म्हणता निम्म्या वेळा पाण्यात उतरायलाच मिळत नाही. बहिणीकडं जाताय तर किल्ले बघा, नेसबिसचं तळं बघा. हा अट्टहास कशासाठी?

भट्टीवाली

@शहाणाबाळ, लॉख नेस वाटेतच आहे, इनव्हरनेसहून बाजूला. दाजींनी आधीच यादीत घातलंय.

अट्टहासाचं म्हणाल तर नीट उत्तर नाही माझ्याकडं. मुल्कीत आता लाट दिसली की मी पुढं काय करणार हे मला आधीच माहीत असतं. दहा वर्षांपूर्वी तसं नव्हतं. ड्रममध्ये बसल्यावर पहिल्यांदा परत कळेना पुढं काय होणार. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण वर आल्यावर हसू फुटलं होतं, वहिनीला विचारा.

उत्तरवारा

राहिलेलं सांगतो. आणीबाणीला ९९९ फिरवा आणि कोस्टगार्ड मागा, पोलीस-अँब्युलन्सच्या नादात वेळ घालवू नका. लाइफबोट शेजारच्या स्क्रॅब्स्टर बंदरात असते, मोठं हॉस्पिटल विकला, गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर. दाजींना किनाऱ्यावर बसवा, फोन चार्ज करून, आणि किती वाजता बाहेर येणार ते आधी ठरवून सांगा. प्रवास विम्यात सर्फिंग धरलंय का ते अक्षरन् अक्षर वाचा, बऱ्याच साध्या पॉलिसींत नसतं.

आणि एक पाच लिटरचा कॅन गरम पाण्यानं भरून, टॉवेलात गुंडाळून गाडीत ठेवा. बाहेर आलात की बोटं चालत नाहीत, झिप हातात येत नाही. कॅनमधलं पाणी थोडं-थोडं मोज्यांत आणि बुटांत ओता, बोटं परत तुमची होतात. आधी हात घालून बघा मात्र. गारठलेल्या कातडीला चटका कळत नाही.

कानसेन

या कॅनला माझं अनुमोदन, पाणी कोमटच. सूट काढल्यावर आधी कोरडे कपडे, टोपी, काहीतरी गरम गोड पिणं. लगेच कडक पाण्याच्या शॉवरखाली उभं राहू नका, चक्कर येऊन पडाल. बाहेर आल्यानंतरही काही वेळ शरीराचं आतलं तापमान उतरत राहतं, त्यामुळं "आता बरंय" म्हणून लगेच गाडी चालवायला बसू नका. दाजींना चालवू द्या.

भट्टीवाली

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: पाच दिवस थर्सोत मुक्काम, पहिले तीन डनेट बे. त्यानंतर लाट छातीच्या वर नसेल आणि वारा दक्षिणेचा असेल तरच थर्सो ईस्ट, नाहीतर मी आणि दाजी कॉफी पिणार. बोर्ड, सूट, बूट तिकडं भाड्यानं. इथून मोजे आणि कानाचे प्लग.

आज ड्रमचा बारावा दिवस. धापा पहिल्या वीसेक सेकंदांत थांबतात. काल नुसता हात घालून पाचव्या मिनिटाला डोळे मिटून रुपया आणि दोन रुपये वेगळे काढले, वहिनीनं टाळ्या वाजवल्या.

उद्यापासून दोन दिवस प्रयोग बंद. गल्लीत पाणी एक दिवसाआड येतंय, आणि आईनं ड्रम धुऊन त्यात वापरायचं पाणी भरून ठेवलंय.